टाइल्सच्या दुकानाआधी

आपल्याकडे कुणी घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘काय फुटानं दिलं?’ जळगावात महाबळला विचारा नाहीतर धुळ्यात देवपूरला, प्रश्न तोच. जमीन कशी आहे, ठेकेदार कोण, त्याचा मिस्त्री कोण, हे सगळं मागाहून. आधी फुटाचा भाव. कुणी पन्नास रुपये कमी सांगितले की घरातले पुरुष खूश. जणू अर्धं घर तिथंच जिंकलं!

दुसरी गोष्टही तितकीच ठरलेली. घरच्या बाईला त्या घराबद्दल पहिल्यांदा विचारलं जातं ते टाइल्सच्या दुकानात. “वहिनी, रंग तुम्ही पसंत करा.” तोवर पाया भरून झालेला असतो, स्लॅब पडलेला असतो आणि जमवलेल्या पैशातला मोठा वाटा ठेकेदाराच्या हातात गेलेला असतो. ठेकेदाराशी बोलणी झाली त्या दिवशी आपण कुठे होतो? आत, चहा गाळत.

बचत गटांच्या कामामुळे माझं दोन्ही जिल्ह्यांत येणंजाणं असतं. घरातल्या कुरबुरीही बायका मोकळेपणानं सांगतात. नवराबायकोचं भांडण म्हणून समोर आलेलं प्रकरण थोडं खोदलं की कितीदा तरी खाली एक अर्धवट घर सापडतं. सळया वर निघालेले कॉलम, गवत वाढलेलं जोतं, भाड्याच्या घराचं भाडं सुरूच आणि वर बँकेचा हप्ता. बाईच्या अंगावरचं सोनं त्यात गेलेलं असतं, आणि ते कुणाला, कशासाठी, कधी दिलं याचा एक कागद घरात नसतो. म्हणून ठेकेदार निवडणं हा मी पुरुषांचा विषय मानत नाही.

पूर्वी हे इतकं अवघड नव्हतं. आपल्या खानदेशातली जुनी धाब्याची घरं आठवा. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि मातीचं धाबं. बांधणारा मिस्त्री गावातलाच. त्याच्या बापानं आपल्या आजोबांचं घर बांधलेलं. काम बिघडलं तर तो तोंड कुठे लपवणार? रोज पारावर, पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत गाठ पडायचीच. गल्ली हीच त्याच्या कामाची हमी होती.

आता गल्ली मागे राहिली. २००३ साली जळगाव आणि धुळे दोन्हीकडे नगरपालिकेची महानगरपालिका झाली. धुळ्याच्या हद्दीत २०१८ मध्ये वलवाडी, नकाणे, महिंदळे अशी आजूबाजूची गावं आली. जळगाव तर पिंप्राळ्याच्या, सावखेड्याच्या, कुसुंब्याच्या दिशेनं पसरतच चाललंय. कालपर्यंत जिथं कापूस, ज्वारी होती तिथं आज चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट आहेत. शेजारी कोण येणार हे माहीत नाही. ठेकेदार कुणाच्या तरी साडूच्या ओळखीचा. अशा ठिकाणी गल्लीची हमी चालत नाही. तिची जागा कागदानंच घ्यायला हवी.

कागदाची गोष्ट निघाली की अनेकींना वाटतं, ‘रेरा आहे ना आता!’ इथं जरा थांबा. रेराचा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेराचं काम २०१७ पासून सुरू झालं. बिल्डरकडून फ्लॅट, रो-हाऊस किंवा मोठ्या ले-आऊटमधला प्लॉट घेताना तो उपयोगी पडतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा, प्लॉटांचा प्रकल्प असेल तर नोंदणी लागते. तेव्हा प्लॉट घेताना नोंदणी क्रमांक जरूर मागा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर ले-आऊट बघा. पण स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून एक घर बांधून घेताना रेरा मधे पडत नाही. तो ठेकेदार आणि तुम्ही. बस्स, दोघंच. दोघांमध्ये जे लिहिलं असेल तेच खरं.

पैसा कामाच्या पुढे धावला की काय होतं, हे आपल्या दोन जिल्ह्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? जळगावचं घरकुल प्रकरण आठवतं ना? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या जळगाव नगरपालिकेनं झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी अकरा हजारांवर घरकुलं बांधायची योजना काढली. काम एका बांधकाम फर्मला दिलं. पुरी झाली ती जेमतेम दीड हजार. पुढे तेव्हाचे आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये पोलिसात फिर्याद दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्र्यांसह ४८ जण दोषी ठरले. त्यांनी वरच्या कोर्टात दाद मागितली, तो भाग वेगळा. माझं लक्ष वेधून घेतलं ते आरोपांतल्या एका मुद्द्यानं. काम होण्याआधीच ठेकेदाराला बिनव्याजी उचल दिली, असा तो मुद्दा होता.

नगरपालिकेकडे इंजिनिअर होते, वकील होते, लेखापाल होते. तिथं ही गत, तर मग एस.टी.तून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या फंडाच्या पैशाचं काय? ज्या कुटुंबांसाठी ती घरकुलं होती त्यांतल्या बायकांचं मला नेहमी वाटतं. त्यांना कुणी कधी विचारलं असेल, बाई गं, घर कुणाकडून बांधून घेऊ या? एक पोरगी मांडीवर घेऊन घराची वाट बघायला लागलेली बाई निकाल लागेपर्यंत आजी झाली असेल.

धुळ्याच्या आमच्या गटातल्या एका ताईचं असंच झालं. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. जोतं झालं, कॉलम उभे राहिले आणि ठेकेदार घरी आला. “भाऊ, लोखंड महागणार आहे. आताच एकदम घेऊन टाकू. चार लाख द्या.” भाऊंनी दिले, रोख. लोखंड आलं ते थोडंसंच. मग ठेकेदाराचा फोन लागेना. मग त्याच्या घरी लग्न निघालं. मग वाळू बंद झाली. मग मजूर होळीला गावी गेले. एकेक कारण ऐकताना खरंच वाटावं असं. वर्ष गेलं.

या ताईनं एक केलं होतं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर ती दर वेळची रक्कम, तारीख आणि कुणासमोर दिले ते लिहीत होती. कुणी सांगितलं म्हणून नाही, तिची सवयच तशी. त्यातल्या दोन रकमा चेकच्या होत्या, त्या बँकेच्या पासबुकाशी जुळल्या. वही घेऊन आम्ही चौघी त्या ठेकेदाराकडे गेलो, ग्राहक आयोगात जायची तयारी सांगितली. तेव्हा कुठे तो बोलायला बसला. तीन टप्प्यांत त्यानं काही पैसे परत केले. बाकीचे गेले ते गेलेच. घर दुसऱ्या मिस्त्रीकडून पुरं झालं, वरची खोली मात्र झाली नाही. ती व्हायची होती लेकीच्या शिलाईच्या मशीनसाठी.

म्हणून माझं पहिलं मत हे, की भावापेक्षा पैशाचे टप्पे आधी ठरवा. काम पुढे, पैसा मागे. कराराच्या वेळी सामान हलवण्यापुरती लहानशी रक्कम, फार तर शेकडा पाच. पुढचा हप्ता जोतं पुरं झाल्यावर, मग स्लॅब पडल्यावर, मग वीटकाम, मग प्लास्टर, फरशी, असं एकेक. ‘स्लॅबच्या आधी’ आणि ‘स्लॅबच्या नंतर’ या दोन शब्दांत लाखोंचा फरक आहे. ज्याला सगळे हप्ते ‘च्या आधी’ हवेत, त्याच्याजवळ स्वतःचं भांडवल नाही. तो तुमच्या पैशावर मागच्याचं घर पुरं करणार आणि तुमचं घर पुढच्याच्या पैशावर. शेवटचे शेकडा पाच एक पावसाळा गेल्यावर द्यायचे, असंही लिहून घ्या. ठेकेदार नाक मुरडेल. मुरडू द्या. गळकं छत आपल्याच डोक्यावर असतं.

बँकेचं कर्ज असेल तर बँकही टप्प्यानंच पैसे सोडते, तिचा माणूस येऊन बघून जातो. पण एक लक्षात ठेवा, तो काम किती झालं हे बघायला येतो, कसं झालं हे नाही. पंतप्रधान आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यांना शहरात जे अडीच लाख मिळतात, तेही टप्प्यानं आणि थेट खात्यात येतात. तिथं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावानं असावं अशी अट आहे. अट चांगली आहे, पण खातं बाईचं आणि पासबुक ठेकेदाराच्या खिशात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘हप्ता आला की मीच काढून घेतो, तुम्हाला कशाला हेलपाटा?’ असं कुणी गोड बोललं तर त्याला चहा द्या, पासबुक देऊ नका.

आता ठेकेदार शोधायचा कसा? मला विचाराल तर, तीन घरं बघा. एक सध्या सुरू असलेलं, एक गेल्या वर्षी पुरं झालेलं आणि एक चार-पाच वर्षांपूर्वीचं. ठेकेदार स्वतः दाखवायला नेतो ते घर त्याच्या आवडीचं असतं. पत्ते मागून घ्या आणि एखाद्या दुपारी आपण आपलं जा, घरातल्या बाईला भेटायला. पुरुष सांगतो, “चांगलं केलं काम.” बाई दार उघडून मोरी दाखवते. जुन्या घरात बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू बघा, पोपडे आलेत का, लोणा धरलाय का. वरच्या संडासाच्या खाली छताला ओलीचे डाग आहेत का. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून बघा, ते पाइपाकडे जातं की मधेच डबकं होतं. आणि विचारा, “पाणी गळायला लागलं तेव्हा बोलावल्यावर आला का हो?” या एका प्रश्नाच्या उत्तरावर मी अर्धा निर्णय घेईन.

सुरू असलेल्या कामावर तर न सांगता जायचं. सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर रचल्यात की ओल्या जमिनीवर? गोणीवरची तारीख वाचता येते, तीन महिन्यांच्या पुढचं सिमेंट जोर गमावत जातं. कॉलमना ओली पोती गुंडाळली आहेत का? फळ्या काढलेल्या कॉलममध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात का, की सिमेंटच्या लेपानं घाईघाईनं बुजवलीत? सळई आणि खालची फळी यांच्यामध्ये सिमेंटचे ठोकळे ठेवलेत का? हे नसलं की सळई कडेला येते, गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. यातलं काहीच कॉलेजात शिकायला लागत नाही. मी स्वतः आर्ट्सची. भात शिजला की नाही हे एका शितावरून ओळखणाऱ्या आपण. हेही डोळ्यांना कळतं.

आणखी एक. ठेकेदाराचं नाव मोठं असतं, पण तुमच्या घरावर हात चालतो मिस्त्रीचा. आठ ठिकाणी काम घेतलेल्या ठेकेदाराकडे चांगला मिस्त्री एखादाच असतो. “आमच्या कामावर कोण राहणार?” असं विचारून त्या मिस्त्रीला भेटा.

भावाचं सांगते आता. दोन भाव शेजारी ठेवून मोजायचे तर आधी ते एकाच गोष्टीचे आहेत का, ते बघायला हवं. समजा घर हजार फुटांचं. एकानं १,६५० रुपये सांगितले, दुसऱ्यानं १,८००. (हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून नव्हे.) पहिल्याचे झाले साडेसोळा लाख, दुसऱ्याचे अठरा. दीड लाख वाचले! पण पहिला स्लॅबचं माप धरतो आणि बाहेर काढलेला सज्जाही त्यात मोजतो. हजाराचे झाले १,०८०, म्हणजे १७ लाख ८२ हजार. जमिनीखालची पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत, गेट, खिडक्यांच्या जाळ्या, किचनमधले माळे हे त्याच्या भावात नाही. त्याचे वर दोन लाख चाळीस हजार धरा. बेरीज वीस लाखांच्या पुढे गेली. दुसऱ्यानं हे सगळं धरूनच अठरा सांगितले होते.

म्हणून भाव विचारू नका, यादी मागा. काय धरलंय आणि काय धरलेलं नाही, दोन्ही लिहून. सिमेंट आणि लोखंड कोणत्या कंपनीचं, विटा लाल की दीपनगरच्या राखेच्या, वाळू गिरणेची की क्रश सॅण्ड, टाइल्सला फुटामागे किती रुपये धरलेत, नळाच्या तोट्या कोणत्या, विजेचे पॉइंट किती, रंगाचे हात किती. वाळूचा लिलाव अडकला की आपल्याकडे भाव एका रात्रीत चढतात. तेव्हा वाढीव भाव कुणी सोसायचा, तेही लिहा. रॉयल्टीची पावती नसलेल्या वाळूच्या भानगडीत तर पडूच नका. भाव जी.एस.टी. धरून की सोडून, हेही विचारा. सिमेंटवरचा जी.एस.टी. सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्याआधीचा जुना अंदाज कुणी पुढे करत असेल तर तो पुन्हा करायला लावा.

काही घरी मटेरियल आपलं आणि मजुरी ठेकेदाराची, असं ठरतं. यात पैसे वाचतात खरे, पण मग घरातलं एक माणूस दिवसभर साइटवर लागतं. ते माणूस बहुतेक वेळा बाईच असते आणि तिची मजुरी कुणी धरत नाही. तिथं सळई मोजून नव्हे, तोलून घ्यायची. १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८८८ ग्रॅम भरते. बारा मीटरची पूर्ण सळई साडेदहा किलोच्या थोडी पुढे जायला हवी. खूपच कमी भरली तर ती १२ ची नाही, दुकानदार काहीही म्हणो.

इंजिनिअर मात्र आपला हवा, ठेकेदाराचा नको. जो बांधतो तोच तपासतो, हे कसं चालेल? नकाशा पास करून देणारा वेगळा आणि आर.सी.सी.चं डिझाइन, म्हणजे कोणत्या कॉलममध्ये किती सळ्या, हे काढून देणारा वेगळा असू शकतो. दोन्ही कागद घरात हवेत. त्याची फी बऱ्याच जणांना जड जाते. पण वास्तूचा जाणकार आणून दार कुठल्या दिशेला हे विचारायला आपल्याकडे पैसे असतात, हेही मी बघते. माझा श्रद्धेला विरोध नाही. फक्त पाया आधी.

पायाचं तर आपल्या भागात विशेषच. तापीच्या खोऱ्यातली आपली काळी कसदार जमीन. केळीला, कापसाला सोनं, घराला मात्र वैरीण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हातभर भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, दार अडायला लागतं. सून म्हणते दार फुगलं, मिस्त्री म्हणतो लाकूड ओलं होतं. खरं कारण खाली असतं. बांधायच्या आधी प्लॉटवर खड्डा खणून घ्या आणि काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, ते इंजिनिअरला दाखवा. पाया किती खोल, कसल्या प्रकारचा, ते त्यानं ठरवायचं. ‘पाच फूट बस झाले, सगळीकडे तेवढंच करतो’ म्हणणारा ठेकेदार मला चालणार नाही. आणि जास्त खोल जावं लागलं तर फुटाला किती घेणार, हे आधीच ठरवा. खड्डा खणून झाल्यावर घासाघीस करायला आपल्या हातात काही उरत नाही. जोत्यात भरही मुरमाची हवी, थर देऊन, पाणी मारून, ठोकून. खणून निघालेली काळी माती तिथंच परत लोटली, की दोन वर्षांत फरशी खचली म्हणून समजा.

मुहूर्ताचंही बोलायला हवं. आपल्याकडे आखाजीला पाया घालायची हौस मोठी. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आनंदच आनंद. पूजन खुशाल आखाजीला करा. पण त्या दिवसांत खानदेशाचं ऊन कसं असतं, ते मी सांगायला नको. पारा चाळिशीच्या बराच पुढे. ओतलेलं काँक्रीट त्या उन्हात तडतडून सुकतं, आणि सुकणं म्हणजे पक्कं होणं नव्हे. बांधकामाच्या भारतीय मानकात कोरड्या, उष्ण हवेत निदान दहा दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगितलंय. ओलं म्हणजे सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणं नाही, सतत ओलं. स्लॅबवर शेतातल्या वाफ्यांसारखे बांध घालून पाणी साठवायचं, कॉलमना पोती बांधायची. एवढं पाणी आणणार कोण? टँकर कुणाचा? मारणार कोण? करारात ‘पाणी मालकाचं’ एवढंच लिहिलं असेल, तर ते मारायला पहाटे उठून तुम्हीच जाणार, हे ध्यानात घ्या.

स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे, तेही इंजिनिअरकडून लिहून घ्या. ठेकेदाराला त्या सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते. आणि होळी धरूनच दिवस मोजा. सातपुड्यातले मजूर होळीला गावी जाणारच, तो त्यांचा सगळ्यात मोठा सण. ठेकेदार ‘अडीच महिन्यांत देतो’ म्हणाला आणि मधे होळी असली, तर तो एकतर नवखा आहे नाहीतर खोटं बोलतोय.

या मजुरांबद्दल एक ठेकेदाराला जरूर विचारा. त्याचे मजूर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेले आहेत का? वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला तो त्यांना देतो का? पाट्या वाहणारी बाई तुमच्या घरासमोर झाडाला झोळी बांधून लेकरू निजवते. तिच्यासाठी आडोसा करून द्यायला ज्याचा हात आखडतो, त्याचा हात सिमेंटलाही आखडतो, असा माझा अनुभव आहे. शास्त्र नव्हे हो, अनुभव.

करारावर सही दोघांची करा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक चालत नाही, कमीत कमी पाचशेचा लागतो. रकमेप्रमाणे किती लागेल, ते दस्त लिहिणाऱ्याला विचारून घ्या. त्यात नकाशा, यादी, पैशाचे टप्पे, काम पुरं करायची तारीख, उशीर झाला तर दर आठवड्याला किती कापायचे आणि दोष निघाले तर किती वर्षं दुरुस्त करून द्यायचे, हे सगळं हवं. मधेच काही बदललं, भिंत सरकवली, खिडकी वाढवली, तर त्याच दिवशी त्याची किंमत लिहून दोघांनी सही करायची. ‘नंतर बघू’ हे दोन शब्द ठेकेदाराच्या तोंडी आले की पेन पुढे करा. आणि पैसे चेकनं किंवा खात्यातून. रोख द्यावेच लागले तर पावती.

एवढं करूनही फसवणूक झाली तर? घर बांधून देणं ही ‘सेवा’ आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्ये लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं आणि त्याच वर्षी ते ग्राहक कायद्यातही आलं. नव्या, २०१९ च्या कायद्यातही ते आहे. त्यामुळे आपला ठेकेदारही ग्राहक आयोगापुढे येऊ शकतो. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा आयोग आहे. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं तिथं चालतात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पुढेही किरकोळच आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. आपल्या बायका ‘आज येईल, उद्या येईल’ करत नेमकी ती दोन वर्षं घालवतात. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घेता येतं. जाताना करार, पावत्या, पासबुक आणि कामाचे फोटो न्या. मोबाइल आता सगळ्यांकडे आहे. पाया, सळ्या आणि प्लास्टरच्या आधी भिंतीतले विजेचे व नळाचे पाइप, यांचे फोटो रोजच्या रोज काढून ठेवा. पुढे कधी भिंतीत खिळा ठोकतानाही ते कामी येतील.

वास्तुशांतीची तारीख ठेकेदाराला सांगायची घाई मात्र करू नका. पत्रिका वाटल्या, मामा-मावश्यांची तिकिटं निघाली, हे त्याला कळलं की तो शेवटचा हप्ता मागायला उभा राहतो, आणि दारात पाहुणे असताना कुणी वाद घालत नाही. आधी इंजिनिअरला घेऊन खोलीखोलीतून फिरा. सगळे नळ एकदम सोडून बघा. राहिलेल्या कामांची यादी लिहून त्याची सही घ्या. महापालिकेत भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज गेलाय का, ते विचारा. मग ब्राह्मणाला फोन करा.